दाराजवळच्या हिरव्या चपला

"मुलांना सगळं सापडतं, आपण फक्त ते कुठंतरी ठेवलेलं असलं पाहिजे," असं मागचे काका एकदा म्हणाले होते.

'मागचे काका' हे त्यांचं कामावरचं नाव. लहान मुलांच्या एका कार्टून मालिकेसाठी ते चित्रं रंगवत. हलणारी, बोलणारी, पळणारी पात्रं बाकीची मंडळी करायची. काका त्यांच्या मागचं घर करायचे. भिंत, कोनाडा, अंगण, झाड, झाडामागचं आकाश. नव्यानं आलेल्या एका मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, तुम्ही काय करता?" काकांनी मान वर न करता सांगितलं, "हे सगळे पुढचं करतात. मी मागचं." त्या दिवसापासून ते मागचे काका झाले, आणि त्यांनाही ते नाव कधी टोचलं नाही.

स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर होता. खाली शिलाईची दुकानं, त्यांची यंत्रं दिवसभर गुणगुणायची, आणि ती गुणगुण जिन्यातून वर येता येता विरून जायची. वर एक लांबट हॉल, खिडक्यांना काळं कापड, जमिनीवर राखाडी गालिचा. शेजारच्या खोलीत आवाजाचं रेकॉर्डिंग चालायचं, त्यामुळे पायांचा आवाज नको म्हणून सगळ्यांनी चपला-बूट दाराबाहेर काढायचे. दारापाशी कायम ढीग. आत प्रत्येकाच्या तोंडावर पडद्याचा निळसर उजेड. दुपारी जेवण झाल्यावर हॉल पाण्याखाली बुडाल्यासारखा वाटायचा. माणसं हलायची, पण सावकाश, आणि कुणाचीच पावलं ऐकू यायची नाहीत.

मालिकेचं नाव 'शोधी'. शोधी म्हणजे पाच वर्षांची एक मुलगी. दोन वेण्या, खांद्याला झोळी, झोळीत भिंग, आणि बरोबर एक खार, जी निम्मे पुरावे खाऊन टाकायची. प्रत्येक भागात काहीतरी हरवायचं किंवा बिघडायचं. हातमागावरचा एकच धागा रोज तुटायचा. कळसूत्री बाहुलीचा हात वर जायचा नाही. तबला एका सकाळी मुका व्हायचा, आणि शेवटी कळायचं की त्याला ओल लागली होती; उन्हात बसवला की पुन्हा बोलायचा. आपल्याकडच्या जुन्या कला, वाद्यं, कापडं, भांडी लहानांना कळावीत म्हणून मालिका काढली होती. विणकर आजोबा शोधीला ताणा-बाणा दाखवायचे, कुंभारीणकाकू चाकावर बोट ठेवायला द्यायची. पण मुलं बघायची ती हरवलेल्या वस्तूसाठी. कापड कसं विणतात ते त्यांना जाता जाता कळायचं, जसं आपल्याला घरातलं बरंच काही कळतं.

दिग्दर्शक बाईंचे तीन नियम होते. एक, या मालिकेत चोर नसतो. दोन, वस्तू हरवते, माणूस हरवत नाही. आणि तिसरा, शोधीला वस्तू सापडायच्या आधी ती चित्रात कुठंतरी दिसलेली असली पाहिजे, म्हणजे पडद्यासमोर बसलेलं मूल शोधीच्या आधी ओरडेल. हा तिसरा नियम सांभाळायचं काम काकांचं. तुटलेल्या धाग्याचं टोक मांजराच्या शेपटीजवळ ठेवायचं. बाहुलीचा खिळा माठाच्या सावलीत. फार लपवला तर मूल रडतं, कमी लपवला तर मूल उठून जातं.

त्यासाठी काका जमिनीवर बसत. ज्यावर पेननं रंगवायचं तो पडदा एका बुटक्या स्टुलावर ठेवायचा, आपण मांडी घालायची, आणि हनुवटी स्टुलाच्या कडेवर टेकवून बघायचं. पाठीला रग लागायची.

"काका, खुर्ची शोभेला ठेवलीय का?" लेखक विचारायचा. हा लेखक म्हणजे शोधीच्या गोष्टी लिहिणारा उंचच उंच तरुण; दोन पायऱ्या एकदम चढायचा.

"खुर्चीवरून घर वेगळं दिसतं."

"म्हणजे कसं?"

"आपलं घर वरून सुरू होतं. पंखा, घड्याळ, खिडकी. त्यांचं खालून. पलंगाचे पाय, दाराची खालची फट, डब्याचं बूड. आपण जिथं वाकतो ना, तिथं ते उभे असतात."

लेखक हसायचा, आणि मग कुणी बघत नसताना स्वतःही एकदा खाली बसून बघायचा.

काकांना ही उंची कुणी शिकवली नव्हती. आधी ते दुकानांच्या पाट्या रंगवत, मग शाळांचे तक्ते, ज्यात गाय नेहमी डावीकडे बघते आणि तिच्या चारही पायांखाली नीट गवत असतं. ही उंची त्याच्याही आधीची. एका दुपारची.

ते पाच वर्षांचे होते. घरात एक मोठा लोखंडी पलंग होता, आणि पलंगाखालची जागा त्यांची होती. तिथं थंड असायचं. चादरीची झालर खाली लोंबायची आणि तिच्या खालून घराची एक लांब पट्टी दिसायची: फरशी, दार, दाराजवळच्या चपला. त्या दुपारी घरात ताई होती आणि ते होते. आई शेजारी गेली होती, तीही अनवाणीच, कारण शेजार म्हणजे पुढचंच दार. ताईच्या लग्नाचं घरात ठरत होतं आणि ताईला ते नको होतं, एवढं त्यांना आवाजांवरून कळलं होतं. शब्द कळत नव्हते. पट्टीतून ताईचे पाय आले. आपल्या हिरव्या चपलांपाशी थांबले. उजवा पाय हिरव्या चपलेत गेला, परत बाहेर आला. मग दोन्ही पाय आईच्या तपकिरी चपलांमध्ये गेले. मग ताई खाली वाकली. झालरीखालून तिचा चेहरा दिसला, तिरपा, एक वेणी फरशीला टेकलेली. तिनं ओठांवर बोट ठेवलं. दार लागलं तेव्हा आवाज झाला नाही.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी घरात रडारड झाली, धावपळ झाली, त्यांना जवळ घेऊन पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. त्यांनी मान हलवली. पुढे कधीतरी वडील म्हणाले, या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. कुणी घेतलं नाही. पण आई हिरव्या चपला हलू देत नसे. फरशी पुसताना त्यांच्याभोवतीनं पुसायची, आणि कुणी हटकलं तर म्हणायची, "माझ्या घालून गेलीय. माझ्या आणून देईल, आपल्या घेऊन जाईल." इतकं साधं गणित होतं तिचं. आई वारली तेव्हाही चपला तिथंच होत्या, पट्टे वाळून कडक झालेले. मग काकांनी लग्न केलं, घर बदललं, टेंपोत सगळं चढलं, आणि चपला दारातच राहिल्या. लक्षात आल्यावर ते परत गेले. नव्या बिऱ्हाडानं दारासमोर पायपुसणं टाकलं होतं. चपला म्हणाल तर, केव्हाच्या टाकून दिल्या म्हणे.

त्यानंतर काकांनी जिथं जिथं दार रंगवलं, तिथं दाराजवळ हिरव्या पट्ट्यांच्या चपला आपोआप आल्या. शाळेच्या तक्त्यात 'आपले घर' होतं, तिथंही त्या होत्या. एक सरळ, दुसरी किंचित तिरकी, कारण पाय आत जाऊन परत आला होता. कुणाच्या डोळ्यांवर त्या कधी आल्या नाहीत. मोठी माणसं चपलांकडे बघत नाहीत, आपल्या हरवल्याशिवाय.

शोधीच्या घराच्या दारातही त्या पहिल्या भागापासून होत्या. आणि चूक झाली ती इथंच. तक्त्यात दोन चपला जास्त असल्या तर गाईचं काही बिघडत नाही. पण इथं पोरांना शिकवून ठेवलेलं, की चित्रात आहे त्याला काहीतरी अर्थ आहे, शेवटी त्याचा उलगडा होतो. पोरं वाट बघत बसली. धाग्याचा उलगडा झाला, खिळ्याचा झाला, तबला बोलला. चपला तशाच.

मग निरोप यायला लागले. प्रत्येक भागाच्या शेवटी मुलांचे आवाज वाजवायचे असत, त्यासाठी आई-बाप फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे. ते ऐकून निवडायचं काम कानवालीचं. कानवाली म्हणजे रेकॉर्डिंगची मुलगी. तिचे हेडफोन कानांवर नाहीतर गळ्यात, पण अंगावर असायचेच. एके दिवशी ती बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, तबल्याबद्दल कुणी काही बोलत नाहीये. सगळ्यांना एकच विचारायचंय. चपला कुणाच्या?"

"कुठल्या चपला?" बाई म्हणाल्या.

जुने भाग लावले. शोधी पळतेय, मागे चपला. शोधी रुसून बसलीय, मागे चपला. पाऊस, चपला. ऊन, चपला.

"अरे देवा," लेखक म्हणाला, "मी शोधीच्या घरात फक्त आई आणि आजोबा दिलेत. आईच्या पायात कायम चपला असतात. आजोबा बूट घालतात. मग ही कोण बाई आहे, जी इतके दिवस आत आहे आणि एकदाही बाहेर आली नाही?"

सगळे हसले. काकाही हसले, थोडे उशिरा.

"काका," बाई म्हणाल्या, "कुणाच्या आहेत?"

"चपला आहेत."

"ते दिसतंय. कुणाच्या?"

"दाराच्या."

"काका, असं नका करू. मला चार वर्षांच्या माणसाला उत्तर द्यायचंय. तो ऐकून घेत नाही."

बाई मोठ्यानं बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांच्या आवाजात काकांबद्दल आपुलकी होती, आणि त्या आपुलकीतूनच त्यांनी सांगितलं की हा भाग संपायच्या आत निकाल लावायचा. एकतर या चपलांत कुणाचे तरी पाय घालायचे, नाहीतर सगळ्या भागांतून चपला पुसायच्या. लेखकानं तिथल्या तिथं तोडगा काढला: त्या शेजारच्या विणकर आजींच्या. त्या शोधीकडे आल्या, गप्पांच्या नादात अनवाणीच परत गेल्या, आणि विसरल्या. शेवटच्या दृश्यात आजी येतात, 'इथं होत्या होय माझ्या' म्हणतात, पाय घालतात आणि चालू लागतात.

"छान आहे," काका म्हणाले.

"मग पाय तुम्ही काढा. चपला तुमच्या, तर पायही तुमचेच."

काकांनी मान डोलावली.

त्यांना पाय काढता आले नाहीत. रोज सकाळी ते स्टुलासमोर बसायचे, हनुवटी टेकवायचे, पडद्यावरच्या दाराकडे बघायचे. रेघ टाचेपर्यंत यायची. मग चपला बघता बघता पाण्यात पडलेल्या वस्तूसारख्या हलायला लागायच्या, आणि ते पेन खाली ठेवायचे. आजींनी त्या घातल्या तर आजी चालू लागतील. दार रिकामं होईल. पुसल्या तरी दार रिकामं. आईनं इतकी वर्षं ज्यांच्याभोवतीनं फरशी पुसली, त्या चपला जगात तेवढ्या एकाच ठिकाणी उरल्या होत्या: एका खोट्या घराच्या दारात, बोटभर.

घरी बायको भाजी निवडत बसली होती. काकांनी तिला पायांचं सांगितलं. ताई गेली, चपला राहिल्या, एवढं तिला लग्नापासून ठाऊक होतं. पलंगाखालचं ठाऊक नव्हतं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अहो, इतकी वर्षं चपला काढताय," ती म्हणाली, "पाय कधीतरी काढावेच लागणार होते."

"कुणाचे काढू?"

"तिचेच काढा. नाहीतर कुणाचे?"

"मला तिचे पाय पाचव्या वर्षीचे आठवतात. माझ्या पाचव्या. आता ती म्हातारी झाली असेल."

"असेल," बायको म्हणाली, आणि एक काडी बाजूला टाकली. "म्हाताऱ्या बायकांचे पाय मोठे होतात. पसरतात. माझेच बघा. ती आली तरी तिला त्या व्हायच्या नाहीत, हे सासूबाईंच्या कधी लक्षात आलं नाही."

काका तिच्या पायांकडे बघत राहिले.

"बघू नका असे," ती म्हणाली. "चित्र काढाल."

दुसऱ्या दिवशी बाईंनी आणखी एक केलं. भागाच्या शेवटी लावायला म्हणून पोरांनाच विचारलं: तुम्हाला काय वाटतं, या चपला कुणाच्या? आवाज आले, ढिगानं आले. आठवड्यानं एका दुपारी जेवणानंतर बाईंनी कानवालीला सांगितलं, चार बरे निवडलेस ना, सगळ्यांना ऐकव. हॉलमधले स्पीकर लागले. माणसं खुर्च्या वळवून बसली. काका आपल्या जागी, खाली, स्टुलापाशी.

"त्या खारीच्या आहेत," पहिला आवाज म्हणाला. "पण तिला चार पाहिजेत. म्हणून ती घालत नाही."

हॉल हसला.

"त्यांचं भांडण झालंय," दुसरा आवाज, गंभीर. "एक तिकडं तोंड करून बसलीय."

"आतल्या माणसाला आंघोळ करायचीय," तिसरा.

"हा चौथा लांब आहे," कानवाली म्हणाली. "पण मला आवडला. हिनं पूर्ण गोष्टच रचलीय."

स्पीकरमध्ये आधी श्वास ऐकू आला, फोन फार जवळ धरल्यासारखा.

"मी सांगू का? त्या चपला ना, एका मुलीच्या आहेत. माझ्या आजीला माहितीये. त्या तिला चावायच्या. तिचे पाय मोठे झाले होते. म्हणून ना, ती बाहेर चालली होती ना, तेव्हा तिनं तिच्या आईच्याच घातल्या. आणि गेली. लांब जायचं होतं." मध्ये थांबून काहीतरी गिळलं. "आणि पलंगाखाली एक मुलगा होता. त्यानं बघितलं. पण तो कुणाला सांगणार नाही, असं आजी म्हणते. आणि आजी म्हणते, रंग चुकलाय. इतक्या हिरव्या नव्हत्या."

मागून एक म्हातारा आवाज आला, लांबून, दुसऱ्या खोलीतून येतो तसा. "अगं ठेव तो फोन. त्यांना कामं असतात."

आणि निरोप संपला.

"पलंगाखालचा मुलगा कुठून आणला हिनं," लेखक म्हणाला. "हा तर माझ्यापेक्षा चांगला शेवट आहे. बाई, आपण हाच—"

तो बोलता बोलता थांबला, कारण बाई काकांकडे बघत होत्या.

काकांची हनुवटी स्टुलावर होती. ते पडद्याकडे बघत होते, की पडद्यावरच्या दाराकडे, ते सांगता आलं नसतं. म्हातारा आवाज ओळखीचा नव्हता. ओळखीचा असायचं काही कारणही नव्हतं. ताईचा आवाज त्यांच्या आठवणीत कधी नव्हताच, ओठांवरचं बोट तेवढं होतं. खालच्या शिलाईयंत्रांची गुणगुण आज वरपर्यंत येत होती. चावायच्या. एवढंच होतं ते. आईनं खूण समजून जपलं, त्यांनी रंगवत ठेवलं, आणि ते एवढंच होतं, पायाला न होणारी चप्पल. यात कुणी परत यायचं वचन ठेवलं नव्हतं. यात कुणी काही तोडलंही नव्हतं.

त्यांनी पेन उचललं. दाराजवळ गेले, म्हणजे चित्रातल्या, आणि हिरव्या पट्ट्यांत थोडा निळा सोडला. बघितलं. आणखी थोडा सोडला. आता त्या मोरपंखी झाल्या, आणि झाल्या त्या क्षणी त्यांना दिसलं की हो, अशाच होत्या. दारातून ऊन आलं की अशाच दिसायच्या.

हॉलमध्ये सगळे पाण्याखाली असल्यासारखे स्तब्ध होते.

काका हात टेकून उठले, गुडघ्याचा आवाज झाला. ते कानवालीपाशी जाऊन उभे राहिले. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. निरोप ज्या फोनवरून आला होता त्याचा नंबर तिनं एका चिठ्ठीवर लिहिला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी चिठ्ठी वाचली नाही. मूठ मिटली.

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "पाय राहू देत. मी बघते."

दारापाशी नेहमीचा ढीग होता. काकांनी खाली न बघता पाय घातले, ते लेखकाच्या सँडलमध्ये गेले, चांगल्या दोन बोटं मोठ्या. लेखकानं तोंड उघडलं. बाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला, तसं त्यानं ते मिटलं.

उंबऱ्यापाशी काका क्षणभर वळले. हॉलमधल्या सगळ्यांचे चेहरे निळे, त्यांच्याकडे लागलेले. त्यांची बंद मूठ ओठांपर्यंत आली आणि तिथंच थोडा वेळ राहिली. मग ते जिना उतरू लागले, मोठ्या सँडल प्रत्येक पायरीवर फटफट वाजत. दाराजवळ त्यांच्या स्वतःच्या जुन्या चपला राहिल्या, एक सरळ, एक किंचित तिरकी.